यादीबाहेरची आल्फोन्सिना

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझा धाकटा भाऊ ओसरीवर पालथा पडून मोबाइलवर सायकलींची शर्यत पाहत होता. मे महिना होता. आमच्याकडच्या विहिरींनी तळ गाठला होता, आणि त्या वीतभर पडद्यावर मात्र हिरव्या टेकड्या, द्राक्षांचे मळे आणि डोंगरमाथ्यावरची दगडी तटबंदीची जुनी गावे दिसत होती. त्यांच्यामधून रंगीबेरंगी सदरे घातलेले सायकलस्वार पाखरांच्या थव्यासारखे वळत होते. भावाने सांगितले की ही इटलीची शर्यत, जिरो द इतालिया. तीन आठवडे चालते, आज या गावाहून त्या गावाला, उद्या तिथून पुढे. मी सहज विचारले, यात मुली नाहीत का? तो म्हणाला, त्यांची वेगळी असते. यांच्याबरोबर कधीच कोणी धावली नाही का, असे मी पुन्हा विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते आणि शर्यत रंगात आलेली असल्यामुळे माझ्या प्रश्नाशी त्याला कर्तव्यही नव्हते.

प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, त्याला कारण होते. आठवीपासून मी सायकल चालवते. आमच्या वाडीपासून कॉलेज नऊ किलोमीटरांवर आहे. एस. टी. वेळेवर आली तर एस. टी.ने, नाही तर सायकलने, असा माझा दिनक्रम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या सायकलकडे वाडीतल्या पुष्कळ डोळ्यांचे लक्ष असते.

सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात आणि संगणकावर मी शोध घेतला. उत्तर मिळाले ते असे : धावली होती. एकच, आणि एकदाच, १९२४ साली. तिचे नाव आल्फोन्सिना स्त्रादा. इटालियन भाषेत स्त्रादा म्हणजे रस्ता. हे आडनाव तिला सासरहून मिळाले होते, पण ते जणू तिच्यासाठीच केलेले होते.

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यात एमिलिया नावाचा प्रांत आहे. रोमन लोकांनी ख्रिस्तापूर्वी १८७ साली बांधलेला एक सरळसोट रस्ता या प्रांतातून जातो आणि मोदेना, बोलोन्या ही जुनी शहरे एका माळेत ओवतो. या रस्त्यालगतच्या कास्तेलफ्रांको एमिलिया गावाजवळ १६ मार्च १८९१ रोजी आल्फोन्सिनाचा जन्म झाला. माहेरचे आडनाव मोरीनी. आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने राबणारे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि रोजगार हंगामापुरता. हे वाचताना मला इटली फार दूर वाटली नाही.

ती दहा वर्षांची असताना वडिलांनी एक मोडकीतोडकी सायकल घरी आणली. काही कोंबड्या देऊन त्यांनी ती घेतली, असे सांगतात. सायकल आणली होती ती त्यांच्या स्वतःच्या कामासाठी. पण घरातली एखादी वस्तू कोणासाठी आणली आणि ती कोणाची झाली, याचा हिशेब नेहमी जुळतोच असे नाही. आल्फोन्सिना त्या सायकलवर बसायला शिकली आणि मग तिने ती सोडली नाही.

त्या काळी खेड्यात बाईने सायकल चालवणे ही अचंब्याची, किंबहुना लाजेची गोष्ट होती. झगा वाऱ्यावर फडफडतो आहे, धूळ उडते आहे आणि एक पोरगी भरधाव निघून जाते आहे, हे पाहून लोकांनी तिला झग्यातला सैतान असे नाव ठेवले. तिने निमूटपणे शिवणकाम शिकावे, असे आईला वाटे. शिवणकाम ती शिकलीही. पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जाते असे घरी सांगून ती आसपासच्या गावांतल्या शर्यतींना जात असे. तेराव्या वर्षी तिने एक शर्यत जिंकली आणि बक्षीस म्हणून तिला जिवंत डुक्कर मिळाले, अशी गोष्ट तिच्याबद्दल सांगतात. गरीब घरात ते बक्षीस पदकापेक्षा मोलाचे ठरले असणार, यात शंका नाही.

१९०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले. आता हिच्या सायकलला खीळ बसेल, असे घरच्यांना वाटले असेल, तर नवल नाही. मुलीचे खूळ लग्नाने जाते, हा समज केवळ आपल्याकडचाच नसावा. पण तिचा नवरा लुइजी स्त्रादा हा वेगळा माणूस निघाला. तो धातूवर कोरीवकाम करणारा कारागीर होता. त्याने लग्नाची भेट म्हणून तिला शर्यतीची नवी कोरी सायकल दिली. आपल्याकडे एके काळी जावयाला सायकल द्यायची रीत होती. आमच्या आजीच्या बोलण्यात अजून ती येते, कारण आजोबांना मिळालेली सायकल पुढे कितीतरी वर्षे घराचे एकमेव वाहन होती. इथे नवऱ्याने नवरीला सायकल दिली, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा लुइजीचे नाव लक्षात ठेवले पाहिजे.

दोघे मिलान शहरात राहायला गेले. लुइजीच तिचा मार्गदर्शक झाला. इटलीत आणि इटलीबाहेर ती स्त्रियांच्या शर्यतींत उतरू लागली आणि जिंकू लागली. परंतु स्त्रियांच्या त्या शर्यती बहुधा गोल धावपट्टीवरच्या, तिकीट लावून दाखवायच्या असत. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो थोडासा तमाशाच होता. खरी शर्यत रस्त्यावरची, घाटातली, पुरुषांची. आल्फोन्सिनाचे मन तिकडे ओढ घेत होते.

ती संधी महायुद्धाने दिली. १९१७ च्या शरद ऋतूत इटलीच्या सैन्याचा कापोरेत्तोच्या लढाईत मोठा पराभव झाला होता. तरणीताठी माणसे आघाडीवर होती. तशाही स्थितीत लोंबार्दीची सुप्रसिद्ध शर्यत भरवण्याचे ठरले. नियमावलीत स्त्रियांना मनाई असल्याचे कोठे लिहिलेले नव्हते. कोणी स्त्री येईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल, तर मनाई लिहिणार कोण! आल्फोन्सिनाने नाव नोंदवले. बेल्जियमचा फिलिप थीस पहिला आला. ती त्याच्यानंतर तासाहून अधिक वेळाने, सर्वांच्या शेवटी पोहोचली. पण पोहोचली. कितीतरी पुरुष वाटेतच शर्यत सोडून गेले होते. पुढच्या वर्षी, १९१८ साली, ती पुन्हा त्याच शर्यतीत उतरली. तेव्हा तिचा क्रमांक एकविसावा होता, आणि या वेळी ती शेवटची नव्हती.

आता १९२४ सालाकडे वळते. जिरो ही शर्यत १९०९ साली ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वर्तमानपत्राने सुरू केली. गुलाबी कागदावर छापले जाणारे हे पत्र खप वाढावा म्हणून शर्यत भरवू लागले, आणि ती इटलीच्या लोकजीवनाचा भाग होऊन बसली. १९२४ मध्ये सायकल कंपन्यांच्या संघांनी पैशांची मागणी केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा नामांकित सायकलस्वारांनी शर्यतीकडे पाठ फिरवली. आदल्या वर्षीचा विजेता जिरार्देंगो हाही आला नाही. मग वर्तमानपत्राने जाहीर केले की ज्याला यायचे असेल त्याने एकट्याने यावे, खाण्याराहण्याची सोय आम्ही करू. संघाचा पाठिंबा नसलेले, हौशी, गरीब सायकलस्वार पुढे आले. त्यांत आल्फोन्सिनाचाही अर्ज होता.

संपादक एमिलियो कोलोंबो यांनी तिला प्रवेश दिला. बड्या नावांवाचून फिकी पडलेली शर्यत एका स्त्रीमुळे चर्चेत येईल, हा व्यवहार त्यामागे होताच. पण जाहीर झालेल्या यादीत तिचे नाव आल्फोन्सिन असे आले. शेवटचा काना गळला होता. इटालियन भाषेत त्या एका स्वरावरून बाई की पुरुष हे कळते. तो स्वर चुकून गळला की वाद टाळण्यासाठी मुद्दाम गाळला, याबद्दल आजही तर्क केले जातात. एका कान्याच्या आडोशाने एक बाई पुरुषांच्या शर्यतीत शिरली, एवढे खरे. १० मे १९२४ रोजी मिलानहून ९० जण निघाले. त्यांत पाठीवर ७२ क्रमांक लावलेली, आखूड केसांची, गुडघ्यापर्यंतची विजार घातलेली तेहतीस वर्षांची आल्फोन्सिना होती.

त्या शर्यतीची कल्पना आजच्या चित्रांवरून येणार नाही. एकूण १२ टप्पे आणि ३,६१३ किलोमीटर अंतर. म्हणजे एकेक टप्पा सरासरी तीनशे किलोमीटरांचा. एक दिवस धावायचे, एक दिवस विसावा, असे २३ दिवस. डांबरी रस्ते फार थोडे. कोरड्या हवेत पांढरी धूळ, पावसात घोट्याएवढा चिखल आणि डोंगरात नुसती खडी. सायकल जड. पंक्चर झाले तर स्वतःच काढायचे, त्यासाठी जादा टायर खांद्यावर आडवे गुंडाळून घ्यायचे. अंधारातच निघायचे आणि पुष्कळदा अंधारातच पोहोचायचे.

मी वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून तो मार्ग पाहिला. मिलानहून समुद्रकाठच्या जेनोआला. तिथून फ्लॉरेन्सला, म्हणजे ज्या शहराचे नाव आम्ही इतिहासाच्या तासाला प्रबोधनकाळात शिकतो त्या शहराला. मग सियेना-उंब्रियाकडच्या टेकड्यांच्या मुलखातून रोमला. पुढे नेपल्स, आणि दक्षिणेच्या उजाड, दरिद्री डोंगरांतून तारांतो. तिथून वर वळून फोज्जा, आणि आपेनाइन पर्वताच्या कुशीतले लाक्विला. ज्या ठिकाणांची नावे पाठ करून मी गुण मिळवले, ती सर्व या शेतमजुराच्या मुलीने पायडल मारून पालथी घातली होती. रस्त्याच्या दुतर्फा शेतकरी कामे टाकून तिला पाहायला उभे राहत. काही कुचेष्टा करीत, काही फुले देत. दक्षिणेत तर बाई सायकलवर बसते हेच अनेकांनी प्रथम पाहिले असेल. पहिल्या टप्प्यांत ती मागे असे, पण ठरलेल्या मुदतीच्या आत असे, आणि तिच्याही मागे पुरुष असत. रोज कोणी ना कोणी शर्यत सोडून घरी जात होता. आल्फोन्सिना टिकून होती.

आठवा टप्पा लाक्विलाहून पेरुजाला जाणारा, २९६ किलोमीटरांचा. त्या दिवशी वारा आणि पाऊस यांनी कहर मांडला. चिखलात घसरून ती पडली, पुन्हा उठली, पुन्हा पडली. आणि एका पडण्यात सायकलचे हँडल मोडले. ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना हँडल मोडण्याचा अर्थ सांगायला नको. पायात कितीही बळ असले तरी हँडलावाचून सायकल म्हणजे बिनलगामाचा घोडा. भोवती ओसाड मुलूख, मदतीला संघ नाही, दुसरी सायकल नाही. शर्यत सोडायला याहून सबळ कारण कोणते हवे होते? त्या वेळी एका शेतकरी बाईने तिला झाडू दिला. आपल्या केरसुणीला दांडा नसतो, तिकडच्या झाडूला लांब लाकडी दांडा असतो. तो दांडा तोडून, हँडलाच्या जागी बांधून आल्फोन्सिना पुढे निघाली.

पेरुजाला ती पोहोचली तेव्हा मुदत टळून गेली होती. नियमाप्रमाणे ती बाद झाली. पंचांमध्ये वाद झाला. काहींचे म्हणणे, वादळाचा दिवस होता, तिला सवलत द्यावी. काहींना ती बाई शर्यतीत मुळातच नको होती. अखेर असे ठरले की तिने हवे तर पुढे धावावे, पण तिची वेळ अधिकृत नोंदीत धरली जाणार नाही. ती रस्त्यावर असेल, यादीत नसेल.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. माझा प्रथम वर्षाचा निकाल लागला तेव्हा इंग्रजीचा एक पेपर राहिला होता. एखादा विषय राहिला तरी ए. टी. के. टी. घेऊन पुढच्या वर्गात बसता येते, हे तुम्हा आम्हाला माहीत आहे. पण आमच्या घरात पास आणि नापास असे दोनच शब्द आहेत. वडिलांना मी चार वेळा समजावून सांगितले. पुढच्या वर्गात बसायचे पण मागचा पेपर राहिलेला, हे त्यांच्या गळी उतरेना. नापास झाली तर कशाला उगाच जायचे-यायचे, असे आजी म्हणू लागली, आणि तिच्या बोलण्यात एका स्थळाचा उल्लेखही येऊ लागला. आई काही बोलत नव्हती, ते मला अधिक लागत होते. खरे सांगायचे तर मलाही वर्गात बसताना चोरून बसल्यासारखे वाटे. हजेरीत नाव होते, पण आपण खरोखरीच्या यादीत नाही, असे वाटे. अशा दिवसांत पेरुजाचा तो प्रसंग मी वाचला, आणि त्या रात्री दोनदा वाचला.

कारण आल्फोन्सिना पुढे धावली. बक्षीस नाही, क्रमांक नाही, नोंद नाही, तरी पेरुजाहून बोलोन्याला आली. तिथून दहावा टप्पा फ्यूमेचा, ४१५ किलोमीटरांचा, सगळ्यांत लांब. फ्यूमे हे बंदर त्याच वर्षी इटलीत सामील झाले होते. आज ते क्रोएशियात आहे आणि त्याला रियेका म्हणतात. आल्फोन्सिना तिथे पोहोचली तेव्हा तिला सायकलवर २१ तास झाले होते. वाटेत ती अनेकदा पडली होती आणि वेदनांनी तिला रडू कोसळले होते. पण तिथले लोक घरी गेले नव्हते. त्यांनी तिला सायकलसकट उचलून घेतले. पहिला येणारा केव्हाच येऊन गेला होता. गर्दी थांबली होती ती यादीत नसलेल्या बाईसाठी.

तिथून व्हेरोना, आणि व्हेरोनाहून १ जून रोजी मिलान. जुझेप्पे एन्रिची विजेता ठरला. ९० पैकी साठ जण वाटेत गळाले होते. अधिकृत यादीत तीस नावे आहेत. त्यांत आल्फोन्सिनाचे नाव नाही, तरी मिलानच्या गर्दीने पाहिले की ती सगळे अंतर कापून आली आहे. लोकांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली होती, ती सुमारे पन्नास हजार लिरे भरली असे सांगतात. तिला पैशांची निकड होती. लग्नात सायकल देणारा लुइजी मनाचा तोल ढळल्यामुळे मनोरुग्णालयात होता आणि त्याचा खर्च तिला करायचा होता. तिच्या हट्टामागे केवळ कीर्तीची हौस नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश नाकारला गेला. बड्या नावांची शर्यत पुन्हा भरू लागली होती, तिची गरज संपली होती. मुसोलिनीची राजवट स्थिरावत होती आणि त्या राजवटीला स्त्रिया घरात, पाळण्यापाशी हव्या होत्या. आल्फोन्सिनाने प्रदर्शने, नाट्यगृहे, सर्कस, जिथे सायकल चालवायला मिळेल तिथे ती चालवली. सर्कशीत कसरती करून पोट भरणे ही या खेळाडूची परवड होती, असे मला आधी वाटले. आता वाटते, सायकल सोडण्यापेक्षा तिने हे पत्करले. लुइजीच्या मृत्यूनंतर तिने १९५० साली कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी लग्न केले. दोघांनी मिलानमध्ये सायकलींचे दुकान चालवले. १९५७ साली मेस्सोरीही गेला, तरी दुकानातले तिचे काम चालूच राहिले. म्हातारपणी तिने मोटारसायकल घेतली. १३ सप्टेंबर १९५९ रोजी एक सायकल शर्यत पाहून ती परत आली आणि त्या जड मोटारसायकलशी झटापट करता करता तिची हृदयक्रिया बंद पडली. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती.

पुरुषांच्या जिरोत तिच्यानंतर एकही स्त्री धावलेली नाही. स्त्रियांचा स्वतंत्र जिरो सुरू व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला, गिसाल्लोच्या घाटमाथ्यावर मातेचे एक लहानसे देऊळ आहे. सायकलस्वारांची ती देवता मानतात. थोर विजेत्यांच्या सायकली आणि सदरे तिथे वाहिलेले आहेत, आणि त्यांच्यात आल्फोन्सिनाची सायकलही आहे. तिथे मात्र तिला यादीबाहेर ठेवलेले नाही.

तिच्यामुळे मी धीट झाले, असे लिहून हा लेख संपवला तर ते खोटे होईल. एवढेच झाले की एका संध्याकाळी मी ही सारी हकिगत वडिलांना सांगितली. यादीत नसूनही धावायची परवानगी कशी मिळाली, ते सांगताना ए. टी. के. टी.चा अर्थ मी पाचव्यांदा समजावला, आणि या वेळी त्यांनी मान हलवली. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, तो झाडूचा दांडा पेरुजापर्यंत टिकला का? टिकला, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सायकलच्या चेनला तेल घातलेले होते आणि ढिला झालेला हँडलचा नट आवळलेला होता. स्थळाचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

इंग्रजीचा पेपर मी हिवाळी परीक्षेत पुन्हा दिला आहे. हा लेख देत असेपर्यंत निकाल लागलेला नाही.